लाईट आली की...

या पुस्तिकेचं हस्तलिखित माझ्या घरी आलं ते तांब्याच्या तारेच्या पिशवीतून. लेखक माझा विद्यार्थी. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये दोन वर्षं माझ्या वर्गात होता. पुढे केजच्या बाजूला त्यानं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि पोराच्या नादानं कॉम्प्युटर दुरुस्तीही शिकला. त्यामुळे दुकानात एका टेबलावर जळालेल्या सबमर्सिबलचा स्टेटर असतो, दुसऱ्यावर उघडलेला सीपीयू. गिऱ्हाईक मात्र दोन्ही टेबलांपाशी एकच वाक्य बोलतं : "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं." या ‘आपोआप’वर त्यानं एकशे दहा पानं लिहिली आहेत.

विषय थोडक्यात असा. यंत्राच्या बाबतीत काहीतरी घडतं. वीज येते, एक फेज जातो, विहिरीचं पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली उतरतं, कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागतो, यूपीएस बॅटरीवर जातो. माणूस तिथं नसतो, किंवा झोपलेला असतो. अशा वेळी यंत्रणेनं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं, तारा जोडून नाहीतर नियम लिहून. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपं वाटायचं आणि त्या समजुतीपायी माझी एक मोटार गेली. ते पुढे सांगतो.

आधी स्टार्टरची पेटी उघडू या, कारण बीड जिल्ह्यातल्या वाचकाला स्वयंचलनाचा पहिला धडा तिथंच मिळालेला असतो. साध्या डीओएल स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, कॉइल कॉन्टॅक्टर ओढून घेते आणि मोटार चालू होते. बोट काढलं तरी ती चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरच्याच एका जादा पट्टीतून कॉइल स्वतःला वीज पाजत राहते. लाईट गेली की कॉइल सुटते. लाईट परत आली तरी मोटार सुरू होत नाही. पुन्हा कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबायला हवं. हा दोष नव्हे. बनवणाऱ्यानं जाणूनबुजून ठेवलेली ती शहाणी आडकाठी आहे. लाईट नाही म्हणून कुणी पट्टा काढत असेल, कुणी विहिरीत उतरलं असेल, तर मोटारीनं आपल्या मनानं फिरू नये.

पण ही आडकाठी ज्यानं ठरवली त्याला आपल्याकडचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. शेतीपंपाच्या फीडरला वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास थ्री फेज वीज मिळत आली. रात्रीच्या पाळीत लाईट कधी येईल, किती वेळा जाईल आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. ती आली की घोंगडी, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघायचं. वाटेत साप, विंचू. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तर आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. त्या महिन्यांत रात्री बटण दाबायला जायचं म्हणजे काय, हे तिथल्या बायामाणसांना विचारावं.

यातून ‘ऑटो’ आला. शंभर-दोनशे रुपयांचं एक खोकं, हिरव्या बटणाच्या तारांना जोडलेलं. लाईट आली की तेच बटण दाबतं. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांनी बटणात काडी खुपसली किंवा ते सुतळीनं बांधून टाकलं. तत्त्व तेच. घटना : लाईट आली. कृती : मोटार चालू. मी कित्येक वर्षं फळ्यावर हा विषय शिकवला, पण त्या सुतळीइतकं नेटकं उदाहरण मला कधी सुचलं नाही.

आता एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, असे चौदा जण आहेत असं धरा. पुस्तिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पान हे आहे, म्हणून त्यातला हिशेब इथंच मांडतो. ५ एचपीची मोटार नीट चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना मात्र पहिले काही क्षण ती सहापट ओढते, म्हणजे ४५ अँपिअर. १०० केव्हीएच्या डीपीची दमछाक सुरू होते ती साधारण १३३ अँपिअरच्या पुढे. चौदा मोटारी चालू असताना होतात १०५. म्हणजे डीपी ठणठणीत आहे, कुणाचं काही चुकलेलं नाही. पण लाईट आल्याक्षणी चौदाही ऑटो एकदमच बटण दाबतात. चौदा गुणिले ४५, म्हणजे ६३० अँपिअर. जवळजवळ पाचपट. व्होल्टेज कोसळतं, मोटारी उचल घेत नाहीत, नुसत्या घुं करतात आणि उचल घेत नाहीत म्हणून तो सहापट करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो. फ्यूज नेहमी उडतो म्हणून कुणीतरी त्यात दोन पदरी तार घातलेली असते, मग फ्यूजऐवजी डीपी जळते. (आणि हा हिशेब कागदावरच्या ५ एचपीचा. प्रत्यक्षात बोअरमध्ये साडेसात उतरवलेली असते हे वायरमनलाही माहीत असतं आणि मालकालाही.)

महावितरण म्हणूनच वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. सल्ला चुकीचा नाही. पण ऑटो काढायचा तर रात्री दोनला बटण कुणी दाबायचं, याचं उत्तर त्या सल्ल्यात नव्हतं. म्हणून गावोगाव लोकांनी मान डोलावली आणि ऑटो ठेवला. लेखकाचं म्हणणं या दोन्हींच्या मधलं आहे आणि मला ते पटतं. दोष ऑटोचा नाही. त्यातला नियम अर्धाच लिहिलाय. ‘लाईट आली की’ एवढंच त्याला कळतं. कोणती लाईट आली, किती वेळ टिकली आणि आपल्याबरोबर आणखी कोण तिची वाट पाहत बसलंय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

‘कोणती लाईट’ हा प्रश्न मी स्वतः मोटार जाळून शिकलो. नोकरीत असताना गावाकडच्या विहिरीवर मीच ऑटो बसवला होता. आयटीआयचा निदेशक, मग काय, दोन तारा जोडल्या आणि बीडला परत आलो. एका रात्री तिसरा फेज आलाच नाही. दोनच आले. ऑटोच्या लेखी लाईट आली होती. त्यानं बटण दाबलं. थ्री फेज मोटार दोन फेजवर जागची हलत नाही, जळते मात्र नक्की. ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायला हवा होता, पण तो सारखा ट्रिप होतो म्हणून भावानं उन्हाळ्यात डायरेक्ट करून ठेवला होता. सकाळी पेटीचा वास सांगत होता काय झालं ते. ती मोटार भरायला मी याच विद्यार्थ्याकडे नेली. त्यानं जळकी वाइंडिंग हातात धरली. तीनपैकी दोन फेजची वेटोळी काळी पडलेली, तिसऱ्याची जशीच्या तशी पिवळी. "सर, मोटार जळत नसती," तो म्हणाला, "तिला जाळतेत." मी पैसे दिले आणि निघालो.

सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणजे याच प्रश्नाचं यंत्रातलं उत्तर. तीनही फेज आहेत का आणि सारखे आहेत का, हे पाहून मगच तो वाट मोकळी करतो. चांगल्या पॅनलमध्ये फेजचा क्रमही पाहतात, आणि तो का पाहायचा हे डीपी बदलल्यावर समजतं. नवी डीपी आली, दोन फेजची अदलाबदल झाली, की तिच्यावरच्या सगळ्या मोटारी उलट्या फिरतात. बोअरचं पाणी करंगळीएवढं येतं. आठ दिवस लोक भूजलाला दोष देतात आणि मग कुणीतरी दोन तारा बदलून पाहतो.

लेखक इथून परळीला जातो. हा भाग मला आधी जरा लांबचा वाटला. पण परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, जिथला पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला, आमच्या आयटीआयची पोरं शिकाऊ उमेदवार म्हणून जात, आणि तिथं त्यांना बुखहोल्ट्झ रिले दिसे. तेव्हापासून मी तो शिकवत आलो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची टाकी आणि वरची तेलाची टाकी यांच्या मधल्या नळीवर ही डबी बसवतात. माक्स बुखहोल्ट्झ या जर्मन अभियंत्यानं १९२१ साली ती काढली. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात हळूहळू काही बिघडत असेल तर तेलातून वायूचे बुडबुडे निघतात. ते डबीत साठतात, वरचा फ्लोट खाली येतो आणि घंटा वाजते. नुसती घंटा, बंद काही होत नाही. आत एकदम धडाका झाला तर तेलाचा लोंढा वर धावतो, खालचा फ्लोट ढकलला जातो आणि ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी लाईनवरून सुटतो. कुरकुर असेल तर माणसाला हाक, स्फोट असेल तर हाक मारायलाही थांबायचं नाही. घटना एकाच पोटातली, पण तिच्या जोरावर उत्तर वेगळं. शंभर वर्षांपूर्वीच्या या डबीत जितका विचार आहे तितका माझ्या ऑटोत असता तर मोटार वाचली असती.

पुस्तिकेचा दुसरा अर्धा भाग कॉम्प्युटरवर आहे. शेतकरी वाचक तो सोडून देईल आणि कॉम्प्युटरवाला पहिला भाग सोडून देईल, अशी मला धास्ती आहे. दोघांनीही तसं करू नये. लिनक्समध्ये घटना ऐकून नियम लावायचं काम यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम करतो. लिनक्सच्या २.६ आवृत्तीच्या काळात, २००३ च्या सुमारास, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो लिहायला घेतला, आणि २०१२ पासून तो सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या पोटात गेला. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, काहीही जोडलं की कर्नल हाळी देतो. यूडेव्ह ती ऐकतो, नियमांच्या फायली नावाच्या क्रमानं वाचतो आणि जुळेल त्या नियमाप्रमाणे वागतो. म्हणून फायलींच्या नावांच्या सुरुवातीला आकडे असतात. ९९ वाली सगळ्यांत शेवटी बोलते.

नियमाची ओळ छोटी असते आणि तीत एक खोच आहे, जिच्यावर लेखकानं अख्खं पान खर्च केलंय. बरोबरची दोन चिन्हं जोडून लिहिली तर तो प्रश्न : हे यंत्र अमुक कंपनीचं आहे का? एकच चिन्ह लिहिलं तर तो हुकूम : याला अमुक नाव दे. प्रश्नाच्या जागी एक चिन्ह कमी पडलं की अट नाहीशी होते आणि नियम समोर येईल त्याला लागू होतो. सुतळीनं बांधलेलं बटण म्हणजे नेमकं हेच. अट नसलेला हुकूम.

दुसरी गोष्ट तर स्टार्टरच्या धड्यातूनच उचलल्यासारखी आहे. एक पेनड्राइव्ह लावला तर आपल्याला वाटतं घटना एक झाली. कर्नल मात्र पाच-सात हाळ्या देतो : यूएसबी यंत्र आलं, त्याचा इंटरफेस आला, डिस्क आली, डिस्कवरचं पार्टिशन आलं. नियम ढोबळ असेल तर बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पाच वेळा सुरू होतो आणि पाचही एकमेकांच्या पायात येतात. कोणती हाळी आपली, हे नेमकं सांगावं लागतं. शिवाय यूडेव्हकडून लांबलचक काम करून घेता येत नाही. त्याचं काम दारावरच्या माणसाचं : कोण आलं ते बघायचं, आत निरोप द्यायचा आणि मोकळं व्हायचं. तासभर चालणारा बॅकअप त्याच्या गळ्यात घातला तर तो मध्येच मारला जातो. ते काम सिस्टमडीच्या सेवेकडे सोपवायचं असतं. लेखकाच्या दुकानात येणाऱ्या सेवा केंद्रवाल्यांच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

विंडोजची गोष्ट तो थोडक्यात सांगतो, पण ती चटका लावणारी आहे. विंडोज ९५ पासून चकती घातली की तिच्यावरचीच एक छोटी फाईल कॉम्प्युटरला सांगे की अमुक प्रोग्रॅम चालव. म्हणजे पाहुणा येताना घरच्यांसाठी हुकूमही बरोबर घेऊन यायचा. पुढे पेनड्राइव्ह आले आणि २००८ मध्ये कॉन्फिकर नावाच्या किड्यानं पसरायला ही वाटसुद्धा वापरली. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून अर्ज छापून घेतलेल्या कुणालाही तो काळ आठवेल. घरी येऊन बघावं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली. यूडेव्हमध्ये नियम घरमालकाकडे असतो, पाहुण्याकडे नाही.

आणि मग यूपीएस. इथं दोन्ही टेबलं एक होतात. लाईट गेली की सर्व्हर नीट बंद व्हावा हे खरं, पण आपल्याकडे लाईट दहा सेकंदांसाठीही जाते. जाताक्षणी सर्व्हर बंद करायला लागलो तर दिवसातून वीस वेळा बंद-चालू करत बसावं लागेल. नट नावाच्या मोफत प्रणालीत यासाठी टायमर आहे. बॅटरीवर गेलं की घड्याळ सुरू, तेवढ्यात लाईट आली तर घड्याळ रद्द, नाही आली तरच पुढचं पाऊल. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये तर साक्षात ऑटोच आहे. वीज परत आल्यावर काय करायचं याचे तिथं तीन पर्याय असतात : बंद राहा, चालू हो, किंवा वीज जाताना जसा होतास तसा हो. हा तिसरा पर्याय मी वर्गात पहिल्यांदा सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला होता, "सर, हा आमच्या स्टार्टरला का नाही?" विचारणारा हाच.

मोबाईल स्टार्टरचं प्रकरण मला थोडं आखूड वाटलं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या नॅनो गणेशला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्यानंतर असे स्टार्टर सगळीकडे झाले आणि बीडमध्ये त्यांचा एक वेगळाच उपयोग होतो, तो लेखकानं अधिक खुलवायला हवा होता. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसं आणि दोन एकर ज्वारी. मी एका मुकादमाच्या टोळीत पाहिलंय : फडाच्या कडेला बसलेल्या माणसाच्या फोनवर निरोप आला की गावात तीन फेज आले. त्यानं वडिलांना फोन लावला, "आबा, हौदाजवळ कुणी हाय का?" आणि नाही म्हटल्यावर मग मोटार चालू केली. यंत्रानं घटना सांगितली, निर्णय माणसानं घेतला. बुखहोल्ट्झची घंटा ती हीच. सगळंच आपोआप करण्यापेक्षा ही मांडणी मला अनेकदा जास्त शहाणी वाटते. लेखकाला वाटत नाही. त्याचं म्हणणं, रेंज नसली की शहाणपण संपतं. आमचा वाद चालू आहे.

कुणी म्हणेल, आता हे सगळं कशाला? २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी आली, २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप. दिवसा वीज मिळणार, रात्रीचा ऑटो जाणार. जावो. पण सौरपंपाच्या कंट्रोलरलाही ढग येतो. ढगाची सावली पडली की पॅनलची ताकद उतरते, पंप थांबतो. ढग सरकला की पुन्हा उठायचं का, किती वेळानं उठायचं, हा प्रश्न तिथंही आहेच. आणि विहिरीचा प्रश्न कोणत्याही योजनेनं सुटत नाही. एप्रिलमध्ये बालाघाटावरची विहीर तासाभरात तळाला जाते. ड्राय रन रिले करंट उतरलेला पाहून मोटार थांबवतो. पाणी किती वेळात भरेल हे मात्र त्याला कळत नाही, ते विहिरीच्या मालकानंच ठरवून टायमरवर लावायचं. बीडच्या खजाना विहिरीचं पाणी निजामशाहीपासून नुसत्या उतारानं शेतांपर्यंत जातं, तिला यातलं काहीच लागत नाही. बाकीच्या विहिरींचं तसं नाही.

पुस्तिकेबद्दल दोन तक्रारी. कॉम्प्युटरच्या भागात चाचणी कशी घ्यायची ते शेवटी आलंय, ते आधी यायला हवं होतं. यूडेव्हचा मॉनिटर लावून आधी नुसत्या हाळ्या ऐकाव्यात आणि मग नियम लिहावा. आणि कॅपॅसिटरला अर्धं पानही दिलेलं नाही. महावितरणवरचा राग कॅपॅसिटरवर काढू नये.

राहिला चौदा मोटारींचा हिशेब. लेखकानं त्यावर सुचवलेला उपाय असा : ऑटो ठेवा, पण प्रत्येकात ऑन-डिले टायमर घाला. तीनही फेज सलग ६० सेकंद नीट टिकले तर पहिली मोटार, आणि पुढे दर १० सेकंदांनी एकेक. शेवटची सुरू होताना करंट क्षणभर १४० च्या वर जातो, तेवढा डीपी सोसते. हा उपाय आमच्याच डीपीवर पहिल्यांदा करून पाहिला. तारा जोडायला एक दुपार लागली. पहिला नंबर कुणाचा यावर तीन बैठका झाल्या. कुणाच्या आजोबांनी डीपीला जागा दिली होती, कुणाची मोसंबी होती, कुणी नुसताच सरपंचाचा चुलत भाऊ होता. शेवटी लेखकानं मीटर काढून दाखवलं की लाईनच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यांत कमी असतं आणि बाकीच्या मोटारी चालू झाल्यावर ते आणखी पडतं. म्हणून सगळ्यांत लांबच्याला पहिला नंबर आणि डीपीच्या बुडाशी असलेल्याला शेवटचा. यावर कुणाला भांडता येईना.

प्रत्येकानं आपल्या पेटीवर ऑइलपेंटनं आपले सेकंद लिहिले. डीपीच्या बुडाशी विहीर आमची. पेटीवर १९० लिहिलंय. गावी असलो आणि रात्री लाईट आली की मी अंथरुणातूनच ऐकतो. आधी मिनिटभर काही नाही, मग लांब पांदीच्या पलीकडे पहिली मोटार, मग दुसरी. परवा मोजत होतो तर नवव्यानंतर एकदम अकरावी वाजली. दहाव्याचा टायमर पाहायला माणूस पाठवलाय.